मुलुंडच्या पुढचा मधुमेह

साखर वाढल्याचा रिपोर्ट घरात आला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "एवढं गोड खात होतास का?" दुसराही ठरलेला: "चालायला जा म्हणून किती वेळा सांगितलं?" पुढचे प्रश्न कुणी विचारतच नाही. सकाळी कितीची लोकल पकडतोस, रात्री घरी कधी पोचतोस, जेवतोस कधी, झोपतोस किती? आणि तू आईच्या पोटात होतास तेव्हा तिच्या ताटात काय पडत होतं?

सार्वजनिक आरोग्याच्या संशोधकांनी हे प्रश्न कधीच विचारलेत. काही लंडनमध्ये विचारले, काही आपल्या पुण्यात. उत्तरं छापून आली, त्यांना जगभर मान मिळाला. पण ठाण्यापासून कल्याणपर्यंतचा मधुमेही दवाखान्याच्या बाकावर अजूनही गुन्हेगारासारखा मान खाली घालून बसतो. डॉक्टर रागावतात, बायको रागावते, सोसायटीतले काका कारल्याचा रस सांगतात. या रागावण्यानं आजवर कुणाची साखर उतरलेली नाही. ते आधी बंद करा.

आकडे बघा. आयसीएमआर आणि चेन्नईच्या मद्रास डायबिटीस रिसर्च फाउंडेशननं 2008 ते 2020 या काळात देशभर 1 लाख 13 हजार प्रौढांची तपासणी केली. तिचं नाव इंडियाब. निष्कर्ष जून 2023 मध्ये प्रसिद्ध झाले. देशात 10 कोटी 10 लाख मधुमेही आणि 13 कोटी 60 लाख माणसं उंबरठ्यावर. रक्तदाब वाढलेले 35.5 टक्के. महाराष्ट्राची पाहणी याच अभ्यासाच्या पहिल्या टप्प्यात झाली होती आणि तिचे आकडे 2011 मध्ये आले: शहरात 10.9 टक्के, खेड्यात 6.5 टक्के. म्हणजे आपल्या राज्याचा हा आकडा आता पंधरा वर्षांचा झाला. त्या वेळी दहावीला असलेला मुलगा आज तिशीत आहे, कर्जाच्या हप्त्यावर घोडबंदर रोडला राहतो आणि रात्री साडेदहाला जेवतो.

मुंबई महापालिकेनं जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीनं 2021 मध्ये स्वतंत्र पाहणी केली. 18 ते 69 वयाच्या मुंबईकरांत 34 टक्क्यांना रक्तदाब आणि 18 टक्क्यांची उपाशीपोटीची साखर वाढलेली. दोन्ही पाहण्यांची मापं वेगळी आहेत, त्यामुळे 18 मधून 10.9 वजा करून वाढ काढत बसू नका. पण मुंबईनं निदान मोजलं. आणि ते मोजमाप मुलुंडच्या चेकनाक्यावर थांबलं. त्यापलीकडे 2011 च्या जनगणनेनुसार ठाणे शहराचे 18 लाख आणि कल्याण-डोंबिवलीचे 12 लाख लोक आहेत. आज कितीतरी जास्त. दिवसा हीच माणसं मुंबईची कचेरी, बँक, दुकान आणि इस्पितळ चालवतात. रात्री झोपायला इकडे येतात, म्हणून मुंबईच्या पाहणीत ती नाहीत. मुंबईचं काम करताना झालेला आजार कोणत्या महापालिकेच्या खाती लिहायचा, याचं उत्तर कुणीतरी द्यायलाच हवं.

आता पुणे. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी 2004 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये एका पानाचा मजकूर दिला. सोबत दोघांचा शेजारी शेजारी उभा फोटो. उंचीच्या मानानं वजन, म्हणजे बीएमआय, दोघांचा अगदी सारखा: 22.3. कुठल्याही तक्त्यात दोघंही ठणठणीत. मग शरीरातली चरबी मोजली. युडकिन 9.1 टक्के, याज्ञिक 21.2 टक्के. वजनकाटा सारखा, आतला माल वेगळा. युडकिन मॅरेथॉन पळणारे होते हे खरं, आणि मजकुरात ते नमूदही केलंय. पण तेवढ्यानं हा फरक संपत नाही. बारीक हातापायांचा, पोटाशी चरबी साठवणारा हा देह फक्त एका डॉक्टरांचा नाही. लोकलच्या डब्यात समोरच्या बाकावर बघा. शर्ट खांद्यावर लोंबतोय आणि पोटावर ताणलाय.

हे शरीर तयार कुठे होतं, ते याज्ञिकांच्या चमूनं त्याआधीच शोधायला घेतलं होतं. 1993 पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत त्यांनी बायकांची नोंद ठेवली, दिवस जायच्या आधीपासून. आयांचं सरासरी वजन चाळीस-बेचाळीस किलो. शेतात राबणाऱ्या, पाणी भरणाऱ्या, सगळ्यांची पानं वाढून मग उरलंसुरलं खाणाऱ्या या बायका. त्यांची पूर्ण दिवसांची बाळं सरासरी 2.7 किलोंची, इंग्लंडमधल्या साउदम्प्टनची 3.5 किलोंची. इथवर कुणालाही अंदाज आला असता. पुढचं मात्र अनपेक्षित होतं. पुण्याच्या बाळांचे स्नायू कमी होते, पोटातले अवयव लहान होते, पण पाठीवरच्या त्वचेखालची चरबी त्या मानानं फारशी घटलेली नव्हती. जन्मतःच बारीक आणि जन्मतःच चरबीचं. ज्या आयांच्या जेवणात पालेभाज्या, फळं आणि दूध जास्त वेळा आलं त्यांची बाळं मोठी होती. आणखी एक धागा हाती लागला. बऱ्याच आयांत बी-12 जीवनसत्त्व कमी होतं. ज्या आयांत फोलेट हे दुसरं जीवनसत्त्व भरपूर आणि बी-12 अपुरं, त्यांच्या मुलांच्या शरीरात सहाव्या वर्षीच इन्सुलिनला दाद न देण्याची खूण सगळ्यात जास्त दिसली. हे 2008 मध्ये छापून आलं.

सहाव्या वर्षी! त्या पोराला कुणी म्हणायचं, तुझी इच्छाशक्ती कमी पडली?

याचा अर्थ सगळं नशिबावर सोडा असा घेऊ नका. अर्थ उलटा आहे. ज्याचं शरीर असं घडलंय त्यानं तक्त्यातल्या 25 च्या बीएमआयवर विसंबून राहू नये. आपल्याकडे 23 पासूनच सावध व्हायला सांगतात. वजनकाट्याआधी शिंप्याची टेप काढा. पुरुषाचा कंबरेचा घेर 90 सेंटिमीटर आणि बाईचा 80 च्या पुढे गेला असेल तर वजन कितीही असो, साखर तपासा. "मी तर बारीक आहे, मला कशाला तपासणी" हे वाक्य डोंबिवलीतल्या प्रत्येक मजल्यावर ऐकू येतं. ते पुण्यात खोटं ठरून वीस वर्षं झाली.

ठाणे जिल्ह्याचंच दुसरं टोक शहापूर आणि मुरबाड. तिथल्या आदिवासी पाड्यांवरच्या कुपोषणाच्या बातम्या आपण "तिकडच्या" म्हणून वाचतो. मधुमेह श्रीमंतीचा आणि कुपोषण गरिबीचं अशी वाटणी करून मोकळे होतो. पुण्याच्या अभ्यासानं ती वाटणी मोडीत काढली. पाड्यावरची आज उपाशी असलेली पोर उद्या आई होते, तिचं बाळ कमी वजनाचं जन्मतं. ते बाळ मोठं होऊन कल्याणच्या बांधकामावर, मग ठाण्याच्या गोदामात कामाला येतं आणि चाळिशीत साखरेच्या गोळ्या घेतं. शिवाय कुपोषणातूनच थेट येणाऱ्या मधुमेहाला आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघानं एप्रिल 2025 मध्ये 'टाइप 5' म्हणून मान्यता दिली. राज्यात 2015 पासून आदिवासी भागात गरोदर बायकांना अमृत आहार योजनेत एक वेळचं चौरस जेवण मिळतं, शेवटच्या तिमाहीपासून पुढे. चांगली योजना, पण शेवटची तिमाही फार उशिरा. बाळाचे अवयव त्याच्या कितीतरी आधी बनतात. याज्ञिकांच्या गटानं म्हणूनच पुढच्या प्रयोगात बी-12 पौगंडावस्थेतल्या मुलामुलींना दिलं, लग्न आणि बाळंतपण लांब असताना. मधुमेहाचा बंदोबस्त आठवीच्या वर्गातल्या मुलीच्या डब्यापासून सुरू होतो, आणि तो डबा शहापूरचाही आहे, ठाण्याच्या महापालिका शाळेतलाही.

आता ताटाकडे वळू. इंडियाबच्याच आहाराच्या आकड्यांवरचा निबंध 2025 मध्ये 'नेचर मेडिसिन'मध्ये आला. सरासरी भारतीयाच्या खाण्यातले 62 टक्के उष्मांक पिष्टमय पदार्थांतून येतात, प्रथिनांतून फक्त 12 टक्के. आपल्या भाषेत सांगायचं तर पोट पोळी, भात, पोहे, साबुदाणा, बटाटा आणि पाव यांवर भरतं आणि डाळ तोंडी लावायला असते. त्याच निबंधातलं दुसरं निरीक्षण दुकानदारांना आवडणार नाही. पांढरा तांदूळ किंवा मैदा काढून त्याजागी अख्ख्या गव्हाचं वा भरडधान्याचं पीठ आणलं, पण एकूण पिष्ट तेवढंच ठेवलं, तर मधुमेहाचा धोका कमी झालेला दिसला नाही. पिष्टातला थोडा वाटा कमी करून त्याजागी डाळी-कडधान्यं किंवा दूध-दह्याची प्रथिनं घेतली तिथे मात्र धोका कमी दिसला. तेव्हा नाचणीची बिस्किटं आणि मल्टिग्रेन पावाची लादी ठेवा बाजूला. नाचणीची भाकरी उत्तम, पण तीन भाकऱ्या त्या तीन भाकऱ्याच.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं मे 2024 मध्ये नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली. दिवसाला 2000 कॅलरी लागणाऱ्या माणसासाठी तृणधान्य 250 ग्रॅम, भाज्या 400 ग्रॅम, फळं 100 ग्रॅम, डाळी-कडधान्यं किंवा अंडी-मासे-मांस 85 ग्रॅम, तेल-तूप 27 ग्रॅम. हे ग्रॅम वाचून कुणी काही बदलत नाही. म्हणून चार माणसांच्या घरासाठी महिन्याचा हिशेब मांडतो. वाण्याची यादी समोर घ्या. शाकाहारी घरात डाळी-कडधान्यं महिन्याला दहा किलो लागतात. तुमच्या यादीत काय आहे? तूरडाळ दोन किलो, मूगडाळ एक, मटकी अर्धा, चणे अर्धा? चार किलोंत महिना निघतो आणि मग आपण प्रथिनाच्या पावडरीचा डबा शोधत फिरतो. भाजी महिन्याला 48 किलो, म्हणजे रोज 1 किलो 600 ग्रॅम. बटाटा त्यात धरू नका, त्याचं काम भाताचंच आहे. रोज पाव किलो गवार चौघांत वाटणाऱ्या घरात माणशी साठ ग्रॅमच भाजी पडते. आणि तेल साडेतीन लिटर, तुपासकट. पाच लिटरचा डबा महिन्याच्या आत संपत असेल तर तो कुठे गेला ते तुम्हीच बघा. दिवाळीत फराळाला गेला असेल तर गोष्ट वेगळी.

मामलेदारची मिसळ, कुंजविहारचा वडापाव, कल्याणचा खिडकी वडा, यांच्यावर मी बोट ठेवणार नाही. महिन्यातून एकदा मित्रांबरोबर खाल्लेल्या मिसळीनं कुणाला मधुमेह झालेला नाही. मिसळीत निदान मटकी तरी आहे. नडतं ते रोजचं, बिनचवीचं, कुणाच्या लक्षातही न राहणारं खाणं. फलाटावरचा चहा आणि खारी, चारच्या सुमाराला ऑफिसातली बिस्किटं, रात्री भुकेच्या झटक्यात खाल्लेला भात. जुलै 2025 मध्ये नागपूरच्या एम्समधल्या तेल-साखरेच्या फलकांवरून समोसा-जिलेबीवर देशभर गदारोळ झाला, शेवटी विक्रेत्यांच्या पदार्थांवर इशारे लावायचा आदेश नाही असा खुलासा केंद्राला करावा लागला. समोशावर फलक लावणं सोपं आहे. तो समोसा भुकेल्या माणसाला सहा वाजता का लागतो, हा फलक कोण लावणार?

मराठी घरांत 2018 च्या सुमाराला मोठी लढाई झाली. डॉ. श्रीकांत जिचकारांच्या विचारांवर आधारलेलं डॉ. जगन्नाथ दीक्षितांचं "दोनदाच जेवा, पंचावन्न मिनिटांत संपवा" एका बाजूला आणि ऋजुता दिवेकरांचं "थोडं थोडं, वेळच्या वेळी, घरचं खा" दुसऱ्या बाजूला. व्हॉट्सॲपवर नातेवाईक एकमेकांशी बोलेनासे झाले. त्या वादाचं एक मोल मी मानतो: इन्सुलिन हा विषय पहिल्यांदा स्वयंपाकघरात आला. पण दोन्ही पक्षांच्या अनुयायांनी एक गोष्ट गृहीत धरली. जेवायची वेळ माणसाच्या स्वतःच्या हातात आहे. शिफ्टमधल्या परिचारिकेच्या ती हातात नाही. ठाण्याच्या टीएमटी बसच्या ड्रायव्हरच्या नाही. आणि दुपारचा डबा तीनला उघडायची परवानगी मिळणाऱ्या दुकानातल्या मुलीच्या तर नाहीच नाही.

आहारशास्त्राच्या बातम्यांनाही लोक कंटाळलेत. आज अंडं वाईट, उद्या अंडं चांगलं. दोष अंड्याचा नाही आणि बहुतेक वेळा संशोधकाचाही नाही. माणसाला पिंजऱ्यात ठेवून वीस वर्षं भरवता येत नाही, म्हणून हे शास्त्र सावकाश चालतं. लंडनच्या बसगाड्यांचं उदाहरण मला फार आवडतं. जेरी मॉरिस यांनी 1953 मध्ये दाखवलं की दुमजली बसमध्ये दिवसभर जिने चढणाऱ्या कंडक्टरांना बसून राहणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा हृदयविकार बराच कमी होतो. व्यायामाच्या सगळ्या शास्त्राचा पाया तिथे पडला. पण मॉरिस आणि त्यांचे सहकारी टाळ्या घेऊन थांबले नाहीत. त्यांनी गणवेशाच्या नोंदी काढल्या, विजारींची मापं बघितली. ड्रायव्हरांच्या कंबरा तरुण वयातच कंडक्टरांपेक्षा मोठ्या होत्या. म्हणजे थोडा फरक नोकरीआधीचाच होता. हेही त्यांनी 1956 मध्ये छापलं. स्वतःच्याच निष्कर्षाला टाचणी लावणारा अभ्यास दिसला की त्यावर विश्वास ठेवा.

आणि पैसा कुणाचा ते विचारा. 1967 मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या वैद्यकीय नियतकालिकात हार्वर्डच्या प्राध्यापकांचा लेख आला. हृदयविकाराचा रोख चरबीकडे, साखरेकडे दुर्लक्ष. त्यासाठी साखर उद्योगाच्या संस्थेनं 6,500 डॉलर मोजले होते आणि लेखात त्याचा उल्लेख नव्हता. हे बाहेर यायला 2016 उजाडलं. साखर कारखान्यांवर ज्याचं राजकारण उभं आहे अशा राज्यात राहणाऱ्यांनी ही गोष्ट पाठ करून ठेवावी.

आता मला ज्यासाठी हे लिहायचं होतं ते. लंडनच्या सरकारी कचेऱ्यांतल्या सुमारे 18 हजार पुरुषांचा अभ्यास 1967 मध्ये सुरू झाला. व्हाइटहॉल स्टडी. मायकेल मार्मट यांनी त्याचे निष्कर्ष मांडले. सगळे पगारदार, सगळ्यांना पेन्शन, कुणी उपाशी नाही, कुणी खाणीत काम करत नाही. तरी सगळ्यात खालच्या हुद्द्याच्या माणसांचा हृदयविकारानं होणारा मृत्यू सगळ्यात वरच्यांच्या तिपटीहून जास्त. सिगारेट, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, सगळं हिशेबात घेतलं तरी या तफावतीचा निम्म्याहून कमी भाग उलगडला. पुढच्या अभ्यासांत दिसलं की आपल्या कामावर आपला ताबा किती, यालाही वजन आहे. मंत्रालयातला साहेब मलबार हिलवरून येतो आणि त्याचा शिपाई टिटवाळ्याहून. हा अभ्यास आपल्याकडे कुठे लागू होतो ते मुद्दाम सांगायची गरज नाही.

सहाची लोकल पकडायला पाचला उठलेली बाई रात्री साडेआठला डोंबिवलीला उतरते. गाडीतच, महिलांच्या डब्यात, तिनं मेथी निवडलेली असते. पिशवीत देठं एकीकडे, पानं दुसरीकडे. कधी घेवड्याच्या शिरा काढते, कधी लसूण सोलते. बाजूची मटार सोलत असते. फलाटाबाहेर चिरलेल्या भाजीची पाकिटं घेऊन बायका बसलेल्या असतात, कारण चिरायलाही वेळ नाही हे त्यांना महापालिकेच्या आरोग्य विभागापेक्षा आधी कळलं. या बाईला 400 ग्रॅम भाजीचं महत्त्व समजावून सांगणारं पोस्टर नको आहे. तिला ते तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. तिच्याकडे नाहीत ते दिवसाचे तीन तास. ते रेल्वेनं घेतले. 9 जून 2025 ला मुंब्र्याजवळ गाडीतून पडून माणसं गेली तेव्हा दोन दिवस चर्चा झाली. दारात लोंबकळत जाणाऱ्याचा रक्तदाब रोज कुठे पोचतो, त्याची चर्चा एक दिवसही झाली नाही. जास्त लोकल आणि वेळेवर लोकल ही हृदयविकार प्रतिबंधाची योजना आहे, असं मी पूर्ण जबाबदारीनं म्हणतो.

चालायला जा म्हणतात. कुठे? मासुंदा तलाव, उपवन, डोंबिवलीचं भागशाळा मैदान, कल्याणचा काळा तलाव, सकाळी सगळीकडे झुंबड असते, कारण दुसरीकडे पाय टाकायला जागा नाही. घोडबंदर रोड आणि कल्याण-शीळ रस्ता ओलांडणं हाच एक जिवावरचा व्यायाम. जिथे पदपथ आहे तिथे दुचाकी उभी. हवेचंही बघा. दिल्ली आणि चेन्नईच्या हजारो माणसांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवलेल्या अभ्यासानं 2023 मध्ये दाखवलं की हवेतले सूक्ष्म कण वर्षाच्या सरासरीत दर घनमीटर 10 मायक्रोग्रॅमनं वाढले की मधुमेहाचा धोका 22 टक्क्यांनी वाढतो. फेब्रुवारी 2020 मध्ये डोंबिवली एमआयडीसीतला रस्ता रसायनांनी गुलाबी झाला होता. त्या रस्त्याच्या कडेला राहणाऱ्याला पथ्य सांगताना आधी त्याच्या खिडकीबाहेर काय आहे ते बघा.

काम होतं, याचा पुरावा महाराष्ट्रातच आहे. भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम 2017 मध्ये पाच राज्यांत सुरू झाला. आपल्याकडे पहिल्या फेरीत सिंधुदुर्ग, सातारा, भंडारा आणि वर्धा. त्यात चमकदार काहीच नाही. सरकारी दवाखान्यात सगळ्यांना एकच ठरलेला औषधक्रम. ज्यांचा दाब आटोक्यात त्यांना एकदम महिन्याच्या गोळ्या. जो आला नाही त्याला फोन. किती जणांचा दाब उतरला त्याची दर तिमाहीला मोजणी. हे सिंधुदुर्गात जमतं. मग कल्याणच्या रुक्मिणीबाई आणि डोंबिवलीच्या शास्त्रीनगर रुग्णालयांच्या हद्दीत जमणार नाही असं कुणी सांगू नये. फक्त वेळ बदला. सकाळी नऊला उघडून दुपारी बंद होणारा दवाखाना चाकरमान्याच्या उपयोगाचा नाही. रात्री आठ ते दहा, स्टेशनला लागून, पूर्वेला एक आणि पश्चिमेला एक. बोटाला टोचा, दाब मोजा, गोळ्या द्या. दहा मिनिटं.

आणि पोळी-भाजी केंद्र. डोंबिवलीनं नोकरदार बाईचा प्रश्न कुणाची वाट न बघता सोडवला, तो या केंद्रांनी. मऊसूत पोळ्या, सुकी भाजी, वरण, शनिवारी खिचडी. या शहरांत रात्री किती ताटं इथून भरतात ते कुठल्याच आरोग्य अहवालात मला दिसलेलं नाही, पण आठ वाजता गल्लीच्या तोंडाशी उभं राहिलं की दिसतं. सहा पोळ्या, एक बटाट्याची भाजी, एक वरण, चार माणसं. पिष्ट, पिष्ट आणि थोडी डाळ. केंद्र चालवणाऱ्या बाईंचा यात दोष नाही; बटाटा खपतो, स्वस्त पडतो आणि उरला तरी खराब होत नाही. महापालिकेनं या केंद्रांना आणि बचत गटांना थोडा हात द्यावा. परवान्याची फी माफ करावी, भाजी घाऊक दरात मिळवून द्यावी आणि बदल्यात एकच अट घालावी: रोज एक उसळ आणि एक कोशिंबीर, बटाट्याइतक्याच भावात. एका वर्षात किती फरक पडला तो मोजावा. ठाणे आणि कल्याण-डोंबिवली महापालिकांनी मुंबईसारखी स्वतःच्या हद्दीतली पाहणी करावी आणि तिच्या प्रश्नावलीत दोन प्रश्न जास्तीचे घालावेत: घरातून किती वाजता निघता, आणि रात्री किती वाजता जेवता?

महापालिका हलेल तेव्हा हलेल. तुम्ही आज रात्री केंद्रावर गेलात की दुसऱ्या भाजीऐवजी मुगाची उसळ मागा. नाही म्हणाल्या तर उद्या परत मागा. चार जणांनी आठवडाभर मागितली तर केंद्रवाल्या मावशी पुढच्या सोमवारी मूग भिजत घालतील.